बाण कुठं लागला

“तिसरा? माझ्या हरणाला तू तिसरा म्हणालास?”

“म्हणालो. ऐकू आलं नसेल तर परत म्हणतो. तिसरा!”

“कुणाशी बोलतोयस कळतंय का तुला?”

“मी माणसाकडं बघतच नाही, सरकार. जनावराकडं बघतो. जरा खाली वाका, त्याच्या पोटाशी नाक न्या, आणि मग तुम्हीच मला सांगा.”

धाकल्या सरकारांनी नाक काही नेलं नाही. न्यायची गरजही नव्हती. अख्ख्या आवाराला वास येत होता, फक्त बोलत कुणी नव्हतं. बोलायला गेंग होता की. मुदपाकखान्यातली वेई मावशी म्हणायची, बाकीच्यांना देवानं तोंड जेवायला दिलंय, ह्याला भांडायला दिलंय.

गेंग हा धन्यांच्या घरचा खाटीक. वय सव्वीस, हात बारीक, डोळा घारीचा. हिवाळ्याच्या मोठ्या शिकारीत मारलेलं प्रत्येक जनावर आधी त्याच्यापुढं बोरूच्या चटईवर आडवं पडायचं, आणि मग तो बघून ओरडायचा. पहिला, दुसरा, नाहीतर तिसरा. केवढं मोठं, शिंगं किती, मारलं कुणी, ह्याच्याशी काही देणंघेणं नाही. बाण कुठं लागला, एवढंच बघायचं. डाव्या खांद्यामागून शिरून सरळ हृदयात गेला, तर पहिला. असं जनावर दोन उड्या मारून पडतं, मांस गोड राहतं, म्हणून ते वाडवडिलांचं. त्याच्या चान्या, म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या, करायच्या, वाळवायच्या आणि त्यांच्या देवळात ठेवायच्या. बाण मानेत नाहीतर कानामागं लागला, जनावर जरा लांब पळालं, तर दुसरा. ते पाहुण्यांना. आणि पोटात लागून आतडी फुटली, तर तिसरा. ते आपण खायचं. तोंडावर जखम असेल तर मात्र मोजायचंच नाही, देवळाच्या पायरीपर्यंतसुद्धा न्यायचं नाही.

धाकले सरकार म्हणजे श्यांग, धन्यांचा पुतण्या. ज्याचं जनावर पहिलं ठरतं त्याचं नाव देवळात सगळ्यांसमोर घेतात. गेली दोन वर्षं श्यांगच्या चुलतभावाचं नाव घेतलं गेलं होतं आणि श्यांग दोन्ही वर्षं मागं उभा राहून बुटाकडं बघत होता. त्याला ह्या वर्षी नाव पाहिजे होतं. एवढंच.

पण खरं सांगायचं तर गेंगचा जीव त्या हरणात नव्हताच. त्याचा जीव शेजारच्या चटईवर होता.

शेजारच्या चटईवर दुनचं हरीण पडलेलं. दुन म्हणजे गेंगच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्या हरणाला सकाळीच गेंगनं पहिला म्हणून टाकलं होतं, आणि म्हणताना असा ओरडला होता की कोठीच्या छपरावरचे कावळे उडाले. का ओरडणार नाही? आठ दिवसांपूर्वी वरच्या चौकीच्या पहाऱ्यासाठी काड्या ओढल्या होत्या. आखूड काडी दुनच्या घराला आली होती. वरची चौकी म्हणजे नदीच्या पलीकडं, डोंगराच्या तोंडाशी. गेल्या थंडीत नऊ जण गेले, सहा आले, आणि त्या सहांच्या पायाची बोटं मोजायला गेलं तर साठ भरत नव्हती. इकडं ताईला नववा महिना लागलेला. रिवाज असा की ज्याचं जनावर पहिलं, त्याच्या घराला त्या थंडीचा पहारा माफ. टोळी त्याच दिवशी दुपारी निघणार होती. म्हणून दुनचं हरीण पहिलं होतं म्हणजे दुन घरी राहणार होता, चुलीत लाकूड घालायला, सुईणीला बोलवायला. गेंग स्वतः त्याच घरात राहायचा. आईबाप गेल्यावर ताईनंच त्याला वाढवला होता.

“हे भोक बघ!” श्यांगनं आपल्या हरणाचा डावा पाय वर उचलून धरला. “डावा खांदा. बाण माझा. पिसं लाल. अजून आत आहे. डोळे आहेत ना?”

“आहेत. आणि पोटाचं भोक?”

“ते पडताना फाटलं. खुंट होता खाली.”

“खुंट गोल भोक पाडतो होय? छान खुंट आहे. मला पण दाखवा एकदा.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. वेई मावशी ससे साफ करत बसली होती, तिनं मान खाली घातली, पण खांदे हलत होते. तिच्यापुढं सशांचा ढीग, प्रत्येकाचा पार्श्वभाग कापून बाजूला टाकायचा, कारण तो कुणी खात नाही. ती कापत होती आणि दर सशामागं एकदा श्यांगकडं बघत होती.

गेंगनं बाण धरला आणि बाहेर ओढला. अलगद आला. मग काशाचा सुरा घेतला आणि त्या भोकावरून आडवी चीर दिली, दोन बोटं आत घातली आणि मांस उघडून दाखवलं.

“बघा. फिकं. सगळीकडं सारखं. जिवंत असताना बाण घुसला असता तर इथं रक्त साकळून काळं झालं असतं, जांभळासारखं. इथं थेंब नाही. हा बाण मेल्यावर खुपसलाय.” मग त्यानं पोटाच्या भोकाशी सुरा लावला. “आणि हे बघा. काळं. हातभर काळं. हे बिचारं पोटात बाण घेऊन अर्धा दिवस पळालं. म्हणून तिसरा. आता कुणी खुपसला ते मी विचारलेलं नाही. मी फक्त कुठं ते बघतो.”

श्यांगचे कान लाल झाले. “खाटका, तुझी जीभ—”

“काय चाललंय सकाळी सकाळी?”

धनी आले. सगळे वाकले. धनी म्हणजे म्हातारे, पाठीत वाकलेले, तोंडात चार दात, तेही चारी बाजूंना. त्यांच्यासाठी पाठीच्या पट्टीचं मांस लाकडी मोगरीनं कुटायचं, शिरा वेचून काढायच्या, शिजवायचं आणि परत कुटायचं, लोण्यासारखं होईपर्यंत. ते कुटायचं काम गेंग करायचा. त्यामुळं गेंगवर त्यांचा थोडा लोभ होता, पोटातून आलेला.

श्यांगनं तक्रार सांगितली. गेंगनं आपलं म्हणणं सांगितलं. दोघांनी एकदम सांगितलं, म्हणून धन्यांना काही कळलं नाही, मग परत एकेकानं सांगितलं.

धनी खाली वाकले, डोळे बारीक केले. “मला हे काळं आणि फिकं काही दिसत नाही. माझे डोळे गेले. दात गेले. जीभ तेवढी राहिलीय.”

“मग जिभेनंच ठरवा,” गेंग म्हणाला.

“आणि खोटा ठरलास तर?” धनी म्हणाले.

“सुरा खाली ठेवतो. कायमचा.”

“मूर्ख आहेस का रे?” वेई मावशी पुटपुटली.

“नाही, मावशी. भूक लागलीय म्हणून घाई आहे.”

गेंगनं दोन्ही हरणांच्या पाठीची पट्टी काढली, कण्याला लागून असते ती, बोटाएवढी जाड आणि लांब. दोन ठोकळे वेगळे घेतले, एकाचा रस दुसऱ्याला लागायला नको. मग कापायला लागला. मांसाच्या धाग्याला आडवं कापायचं, उभं कापलं तर चघळत बसावं लागतं. काप इतका पातळ की खाली सुऱ्याचा रंग दिसला पाहिजे. कापताना तो बोलायचा थांबला, आणि गेंग बोलायचा थांबला की आवाराला कळायचं की आता काम चाललंय. काप राळ्याच्या दारूच्या वाडग्यात सोडले, जरा हलवले, काढले, वर आंबट फळांचा गर लावला. पानं दोन. कुठल्या पानावर कुठलं हरीण ते धन्यांना सांगितलं नाही.

धन्यांनी डोळे मिटून पहिल्या पानावरचा काप जिभेवर ठेवला. तोंड हलत राहिलं. चेहरा सैल झाला. “हं,” म्हणाले. “अजून एक दे.” अजून एक दिला. “गोड आहे. गवत खाल्लेलं कळतंय.”

मग दुसऱ्या पानावरचा काप. तोंड हललं, थांबलं. धन्यांनी तो हातावर काढला आणि हात कुत्र्यापुढं धरला. “हे काय दिलंस मला? चिकट आहे. कडसर आहे. कुणीतरी आदल्या दिवशी चावून ठेवल्यासारखं.”

“हे धाकल्या सरकारांचं, धनी. घाबरून पळून पळून मेलं की मांस असंच होतं. ह्याच्या चान्या टांगल्या तर तिसऱ्या दिवशी वास मारतील. वाडवडील काय म्हणतील?”

“वाडवडील काही म्हणत नाहीत, म्हणून तर त्यांच्यापुढं नीट ठेवायचं,” धनी म्हणाले. आणि पुतण्याकडं न बघताच पुढं म्हणाले, “तिसरा.”

गेंगनं सुरा पुसला. हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते कानापर्यंत पोचलंच. आवारात बायकापोरं आपापसांत बोलायला लागली. एवढ्यावर गेंग गप्प राहिला असता तर बरं झालं असतं.

“अजून कुणाला उलटून विचारायचंय?” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “नाही? मग पुढचं आणा.”

“विचारायचंय,” श्यांग म्हणाला. त्याचा आवाज आता थंड झाला होता, आणि हे ओरडण्यापेक्षा वाईट. “तुझ्या दाजींचं हरीण तू उलटवलंस का?”

“काय?”

“सकाळी मी इथंच उभा होतो. डावी बाजू बघितलीस आणि ओरडलास. दुसरी बाजू बघितली नाहीस. हरणाचं तोंड पुसलं नाहीस. दुसऱ्यांच्या जनावरांची आतडी हुंगतोस आणि दाजींचं जनावर न उलटवता पहिलं? हा कुठला रिवाज?”

हे खरं होतं. त्यानं उलटवलं नव्हतं. डाव्या खांद्यामागचं ते भोक इतकं सुंदर होतं, इतकं बरोबर जागेवर, की त्याला ताईचा चेहरा दिसला आणि तो ओरडलाच. प्रत्येक जनावर उलटवायचं, दोन्ही बाजू बघायच्या, तोंड ओल्या फडक्यानं पुसायचं. बारा वर्षांत तो हे एकदाही विसरला नव्हता.

पण गेंगला राग आला की त्याचं डोकं मागं राहतं आणि तोंड पुढं धावतं. “उलटवतो! तुमच्यासमोर उलटवतो! दोनदा उलटवतो!”

“अरे, राहू दे ना,” दुन कोपऱ्यातून म्हणाला. दुन मोठा, खांदे रुंद, बोलणं कमी. तो बोलला की लोक बघायचे. “मांसाला माती लागेल, गेंग.”

“चटई आहे खाली, दाजी. माती कशी लागेल?”

“तरी पण.”

गेंगनं त्याच्याकडं बघितलं. दुननं हरणाकडं बघितलं. आणि गेंगला तेव्हाच कळलं. पुढचं सगळं त्याच्या हातांनी केलं, तो नुसता बघत राहिला.

हातांनी चारी पाय धरले आणि हरीण उलटवलं. उजवी बाजू साफ, एक ओरखडा नाही. मग तोंड. उजव्या गालावर गाळ होता, वाळलेला. हरणाच्या गालावर गाळ असू शकतो, पडलं की लागतो. पण हा गाळ बोटांनी फासलेला होता, बोटांच्या रेघा होत्या. गेंगनं फडकं ओलं केलं आणि पुसलं.

डोळ्याखालून कानाच्या मुळापर्यंत एक रेघ. वीतभरसुद्धा नाही. जेमतेम कातडी सोललेली.

श्यांग चार पावलांवर होता. तिथून त्याला गेंगची पाठ दिसत होती, रेघ दिसत नव्हती. धनी बाजूला, पण धन्यांना दिसत नाही. दुन मात्र येऊन शेजारी उकिडवा बसला, पाय धरायला आल्यासारखा.

“काटा आहे तो,” दुन ओठ न हलवता म्हणाला. “काटा म्हण.”

“काटा केस कापत नाही, दाजी,” गेंगही कुजबुजला. “काटा केस वाकवतो. हे बघा, सगळे केस एका सरळ रेषेत कापलेत. हे पातं आहे.”

“ते तुला कळतं. त्यांना कुणाला कळतंय?”

“काय झालं होतं?”

दुन म्हणाला, “ते थांबलं होतं. झाडीतून बाहेर आलं, थांबलं, आणि माझ्याकडं बघत राहिलं. मी धनुष्य खाली घ्यायला पाहिजे होतं. हात ऐकला नाही. पहिला बाण गालाला चाटून गेला, ते वळलं, आणि दुसरा बरोबर बसला.”

“थांबलं होतं?”

“सांगितलं ना, थांबलं होतं.” दुन आणखी जवळ सरकला. “गेंग, तिला नववा लागलाय रे.”

“मला सांगताय तुम्ही?”

तोंडावरची जखम म्हणजे हरीण समोर तोंड करून उभं होतं. समोर उभं राहिलेल्या जनावरानं स्वतःला आपल्या हवाली केलेलं असतं, आणि हवाली झालेल्याला मारून कुणी वाडवडिलांना जेवू घालत नाही. हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत. दुनलाही माहीत होतं. म्हणून तर गाळ फासला.

गेंग वाकलेलाच राहिला. काटा म्हणायचं, बस. एक शब्द. त्या रेघेकडं बघून पातं आणि काटा ओळखणारा सगळ्या फेन नदीच्या काठावर एकच माणूस होता, आणि तोच आता खोटं बोलायचा विचार करत होता. मग ह्या हरणाच्या चान्या निघतील. मीठ, आलं, दालचिनी त्यालाच चोळायला लागेल. चाळीस दिवस त्या त्याच्या डोक्यावर टांगलेल्या असतील, वाऱ्यानं हलत, आणि तो खाली उभा राहून बाकीच्यांच्या बाणांवर ओरडत असेल. पहिला. तिसरा. आत्ताच, ह्या हातानं, त्यानं एका माणसाचं खोटं धन्यांच्या जिभेवर ठेवलं होतं.

“काय रे? एवढा वेळ काय बघतोस?” श्यांग म्हणाला. “जनावर वाचता येत नाही का?”

गेंग उठला. हात पुसले.

“तोंडावर जखम,” तो ओरडला. सकाळी ओरडला होता तसाच, मोठ्यानं. “बाणाची. हे मोजायचं नाही. आणि सकाळी मी न उलटवता ओरडलो. चूक माझी. दाजींनी मला फसवलं नाही, मी बघितलंच नाही.”

शेवटचं वाक्य अर्धं खोटं होतं, पण ते बाणाबद्दल नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःला माफ केलं.

श्यांग भांडण घेऊन आला होता आणि समोरच्यानं भांडणच काढून घेतलं. मग त्याला आठवलं. “म्हणजे पहारा माफ नाही. टोळी दुपारी निघते. दाजींना सांग, पायाला दोन कातडी बांधा.”

दुन उठून उभा राहिला. फाटकाकडं निघाला.

“थांबा जरा,” गेंग म्हणाला. “काडी कुणाच्या नावानं ओढली होती, धनी?”

“काडी घराच्या नावानं ओढतात. तुला माहीत नाही?”

“माहीत आहे. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. घराच्या नावानं. माणसाच्या नावानं नाही.”

“बरं मग?”

“मग मी जातो. मी त्या घरात राहतो. त्या चुलीवर जेवतो. माझा बिछाना त्यांच्या कोठीत आहे. कुठलाही शेजारी बोलवा आणि विचारा, गेंग कुणाच्या घरचा.”

“ह्याचं लग्न होत नाही म्हणून राहतो तिथं,” मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

“झालं ना सिद्ध?” गेंग म्हणाला.

धन्यांची भुवई खाली आली. त्यांना आत्ता कुठं मुद्दा कळला होता, आणि तो आवडला नव्हता. “आणि माझं मांस कोण कुटणार? तू थंडीभर डोंगरात बसणार आणि मी काय चघळू, बुटाची वादी?”

“वेई मावशी कुटतील.”

“आणि जनावरं कोण बघणार? उद्या रानडुकरं येणार आहेत.”

“त्याही त्याच बघतील.”

“बाई ओरडणार पहिला, दुसरा?”

वेई मावशी सशांच्या ढिगातून उठली. गुडघे कुरकुरले. तिनं रक्ताचे हात कमरेच्या फडक्याला पुसले, चालत आली आणि गेंगच्या हातातला सुरा काढून घेतला. विचारलं नाही, मागितला नाही.

“धनी, तुमचे दात एकेक करून पडत होते तेव्हा मी ह्याच आवारात होते. प्रत्येक दातामागं मांस थोडं जास्त कुटायचं, हे ह्या पोराला कुणी शिकवलं असं वाटतं तुम्हाला? ओरडायचंच असेल तर माझा आवाज ह्याच्यापेक्षा मोठा आहे. माझ्या सुनेला विचारा.” मग ती गेंगकडं वळली. “आणि मी उलटवायला विसरत नाही.”

“मावशी, आता पुरे.”

“पुरे काय? जन्मभर ऐकवणार आहे.”

धनी बराच वेळ तोंड हलवत राहिले, आत काही नसताना. “जा,” शेवटी म्हणाले. “पण जिवंत ये. हिची मोगरी जड आहे, हिच्या कुटलेल्यात हाडाचे कण येतात.”

“कधी आले?” मावशी म्हणाली.

श्यांग निघून गेला होता. कधी गेला ते कुणी बघितलं नाही, आणि हे त्याला सगळ्यात जास्त लागलं असेल.

सूर्य अजून डोक्यावर आला नव्हता. मोजायचं नाही म्हणजे टाकायचं असं नाही, ते हरीण आता घरचं झालं होतं. गेंगनं मावशीकडून आपलाच सुरा थोड्या वेळासाठी उसना घेतला आणि पोट उघडलं. कलेजी काढली, गरम नव्हती पण घट्ट होती, चमकत होती. आतड्यावरची चरबीची जाळी हलक्या हातानं सोडवली, फाडली नाही. कलेजीचे तुकडे त्या जाळीत गुंडाळले, काडीत ओवले आणि निखाऱ्यावर धरले. चरबी वितळायला लागली, निखारे फुसफुसले. जाळी तपकिरी होऊन कुरकुरीत झाली की झालं, त्यापुढं एक क्षण ठेवायचं नाही.

दुन शेजारी बसला होता. हात गुडघ्यावर, मान खाली.

“खा, दाजी.”

“मी जाणार होतो.”

“माहीत आहे.”

“मी जायला पाहिजे. माझी चूक. तू का—”

“तुम्ही चौकीवर काय करणार? समोरून कुणी आलं आणि थांबून तुमच्याकडं बघायला लागलं, तर तुम्ही बाण सोडणार त्याच्या गालाला. आपलाच माणूस असायचा तो.”

दुनच्या तोंडातून हसू निघालं आणि मधेच कुठंतरी मोडलं. त्यानं काडी घेतली. दोघांनी खाल्लं. बाहेरून कडकडीत, आत मऊ, जिभेला चटका बसला तरी कुणी थांबलं नाही. चरबी हनुवटीवरून ओघळली, दुननं बाहीनं पुसली, गेंगनं पुसलीच नाही.

“तिला काय सांगू?” दुननं विचारलं.

“खरं सांगा. ती नाहीतरी काढून घेईल. आधी तुम्हाला शिव्या देईल, मग मला देईल. तुम्ही माझ्या पण ऐकून घ्या.”

“तू भेटून जा ना तिला.”

गेंगनं घराच्या दिशेला बघितलं. दोन टेकड्या. जाऊन यायला सूर्य कलला असता. “नको. भेटलो तर ती दारात आडवी पडेल, आणि ह्या दिवसांत तिला आडवं पडू देऊ नये.” त्यानं हरणाच्या मागच्या मांडीच्या फऱ्यावर थाप मारली. “हे ऐका. हा फरा बोरूच्या पानांत गुंडाळा, घट्ट. वर गाळ लिंपा, गवत मिसळलेला, दोन बोटं जाड. निखाऱ्याच्या खड्ड्यात ठेवा आणि गाळ सगळीकडून तडकेपर्यंत हात लावू नका. तडकला की फोडा, कातडं गाळाबरोबर निघून येईल. हात ओले करून वरचा पापुद्रा चोळून काढा. समजलं?”

“समजलं. गाळ, तडकला की फोडायचा.”

“गाळ लिंपणं तुम्हाला चांगलं जमतं.”

दुननं त्याला कोपरानं ढोसलं. जोरात.

“नळीची हाडं तिच्यासाठी. फोडून मगज राळ्याच्या पेजेत घाला. बाळ आल्यावर पाच दिवस मुरवलेलं मांस देऊ नका, तिनं मागितलं तरी. फार खारट असतं. आणि उरलेल्याच्या चान्या करा, घरच्यासाठी. आपल्या चान्यांना कुणी विचारत नाही हरीण थांबलं होतं का पळालं होतं.”

“मीठ किती?”

“आं?”

“चान्यांना. मीठ किती चोळायचं?”

गेंगनं तोंड उघडलं. एवढी साधी गोष्ट त्यानं आयुष्यात कुणाला शब्दांत सांगितली नव्हती, नुसते हात चालायचे. त्यानं दुनचा तळवा उघडला आणि त्यावर मीठ ओतायला लागला. एक चिमूट, अजून एक, अजून अर्धी. “एवढं. एका पट्टीला. पट्टी तुमच्या हाताएवढी लांब. आधी ठोकून घ्या, मग मीठ, मग आलं, आणि दालचिनी—”

फाटकाशी ढोल वाजला. नऊ जणांची टोळी तिथं उभी होती, आठ जण खरं तर, खांद्यावर भाले, पायाला कातडी. त्यांच्या पुढाऱ्यानं आवारात डोकावून बघितलं आणि नववा कुठं आहे असा हात केला. वेई मावशीनं कुठूनतरी सशाच्या कातड्याची जोडी आणली आणि गेंगच्या पायाशी फेकली. त्यानं ती उभ्याउभ्याच बांधायला घेतली, एका पायावर नाचत.

“दालचिनी किती?” दुन तळव्यावरचं मीठ सांडू न देता मागोमाग येत होता. “गेंग, दालचिनीचं सांग. आणि उन्हात टांगायच्या का सावलीत? गेंग!”

“वाऱ्यात, दाजी, वाऱ्यात! बाकीचं मावशीला विचारा. ते चालायला लागले. मला आता निघायला पाहिजे.”